‘पण’ची खूण

रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी
फोन एकदाच थरथरला.
डॉक्टरांनी पाहण्याआधी निकाल माझ्याकडे आला.
तार्तूत सकाळी रक्त द्यायचं,
रात्री ते आपल्यालाच पत्र लिहितं.

काकड्यांची बरणी परवापासून उघडत नाहीये,
पण पडद्यावर बोट टेकायला ताकद लागत नाही.

ईएसआर अडतीस. सीआरपी अकरा.
रुमॅटॉइड फॅक्टर तेवीस, ठळक अक्षरांत,
शेजारी वर जाणारा बाण,
लिफ्टच्या बटणावर असतो तेवढाच.
अँटी-सीसीपी निगेटिव्ह.
युरिक ॲसिड ठीक.
आणि उजवीकडे, करड्या रंगात, संदर्भमर्यादा,
म्हणजे बाकीची माणसं.

तेवीसचा आकडा घशात अडकून बसला.
निगेटिव्ह घोटभर पाण्यासारखं वाटलं.
तेच पुन्हापुन्हा प्यायले पहाटेपर्यंत.

सव्वीस वर्षं मी दवाखान्यांतून उभी आहे,
डॉक्टरांचं तोंड आणि बहिऱ्या माणसाचे डोळे
यांच्या मधोमध.
दोन भाषांमधला सांधा म्हणा हवं तर.
कुणाची किडनी, कुणाचं तिसरं बाळंतपण,
सगळं या बोटांतून गेलं.
आता सकाळी साडेआठपर्यंत बोटं
माझंसुद्धा ऐकत नाहीत.
मंगळवारी एका मुलीला सांगायचं होतं
की थायरॉइड फुलपाखरासारखी असते.
पंख उघडलेच नाहीत.
ती हसली. तिला वाटलं, वटवाघूळ.

आणि तेव्हा, सात वर्षांनी, एंडेल आठवला.
पुस्तकं बांधायचा. हात सुजून आला होता.
डॉक्टर संगणकाकडे बघत म्हणाले,
फॅक्टर निगेटिव्ह आहे, पण...
पुढचं ते पुटपुटले. मी ऐकलं.
निगेटिव्ह आलं की आजार नसतोच असं नाही,
सूज राहिली तर परत या.
मी ‘निगेटिव्ह’ची खूण केली
आणि एंडेलने माझे दोन्ही हात धरले, आनंदाने.
धरलेल्या हातांनी काय सांगणार?
सोडल्यावर सांगता आलं असतं.
बाहेर पुढचा माणूस थांबला होता, मला भूक लागली होती.
एंडेल कोट घालून गेलासुद्धा.
तो ‘पण’ माझ्याच हातांत राहिला.

गुरुवारी डॉक्टर वीविका साक्स यांनी
कागद बाजूला सारला आणि
माझ्या बोटांची मुळं एका ओळीत दाबली.
मी ओरडले.
हे तुमच्या रिपोर्टात नव्हतं, त्या म्हणाल्या.
तेवीस तर धडधाकट माणसातही सापडतो.
एक्स-रे स्वच्छ आहे, तो सुरुवातीला असतोच.
सकाळी किती वेळ आखडतात?
दीड तास.
हेही कुठे छापलेलं नाही.
मग गार जेल, आणि काळ्या पडद्यावर
सांध्याच्या फटीत एक नारिंगी ठिपका लुकलुकला,
कुणी घरी आहे असं सांगणाऱ्या दिव्यासारखा.
आहे का मग? मी विचारलं.
बहुधा. नाव पुढच्या वेळी ठरवू,
औषधाला तेवढं थांबायची गरज नाही.

घरी न जाता नदी ओलांडली,
चौथा मजला चढले. दार एंडेलनेच उघडलं.
त्याची बोटं आता एकाच दिशेला कललेली,
वाऱ्यात उभ्या असलेल्या गवतासारखी.
औषध त्याला दोन हिवाळे उशिरा मिळालं.

ती खूण लहानशी आहे,
दुखणाऱ्या हातालाही जमते.
मी केली: पण.
आणि पुढचं सगळं, सावकाश, अडखळत.

तो बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिला.
मग म्हणाला: माहीत होतं.
त्या दिवशी तुझे हात
लवकर खाली गेले होते.

माफ केलं का ते त्याने सांगितलं नाही.
माझ्या पिशवीत बरणी होती.
त्याने ती काढली, न विचारता,
झाकणाच्या कडेखाली चमच्याचं टोक सरकवलं,
उलट्या तळव्याने दाबलं.
आतली हवा सुटली, टक्.
तो आवाज फक्त मला ऐकू आला.
मी त्याला खुणेने सांगितला.