सेकंदाचा भाव

नव्या पेठेत हत्तुरे काउंटरवर दोन कॅमेरे मांडतात
आणि पंख्याचं तोंड माझ्याकडं फिरवतात.
बाहेर त्रेचाळीस.
"खेळ काढणार, का आर्ट?"
आर्ट म्हणताना त्यांची दोन बोटं
हवेत उगाच उमलतात.

भिशीचे अडतीस हजार
पर्समध्ये, रुमालाखाली, मी पुन्हा चाचपते.

एक कोरा. खोक्याचा वास अजून अंगाला,
हलका, डब्याच्या झाकणासारखा.
सोबतची लेन्स दिवसा डोळस,
दिवेलागणीला मोतीबिंदू.
दुसरा मंगल कार्यालयांतून आलेला,
तीन वर्षं अक्षता झेलून
पकडीचं रबर सुटत आलेलं,
पण सेकंदाला आठदा पापणी लवते.
त्याच्याबरोबर पन्नासची लेन्स, ठेंगणी.
झूम नाही.
"मग जवळ कसं जायचं?"
"पायानं जायचं, मॅडम."

पायानं.
हत्तुऱ्यांना माझा गुडघा माहीत नाही.
जिल्ह्याच्या फायनलला, खुंट धरून वळताना
आत सुतासारखं काहीतरी तुटलं होतं;
आवाज मला एकटीलाच आला.
त्या दिवसाचा एक फोटो आहे,
कुणाच्या तरी काकांनी काढलेला.
त्यात एक पिवळा डाग आहे.
ती मी, असं सगळे म्हणतात.

आधार कार्ड ठेवून जुना कॅमेरा
एका रात्रीपुरता मागून घेतला.
शाळेच्या मैदानावर माझ्या पोरी उकिडव्या,
एकीचं तोंड किल्ल्याकडं, दुसरीचं सात रस्त्याकडं.
आकडा हजारावर ठेवला. लावण्या येमूलनं सूर मारला
आणि हवेतच राहिली,
कोपर, वेणी, मातीचा कणन्‌कण मोजून घ्यावा अशी.
छान.
दुकानाच्या काचेत लावतात तसली छान.

पावणेसातला उजेड उतरला, मीही उतरत गेले:
पाचशे, अडीचशे, साठ.
आयएसओ चढवला तर फोटोभर रवा सांडला.
बाकावर बसून चौसष्ट फ्रेम पुसल्या.
एक राहिली:
लावण्या चौकटीतून निघून गेलेली,
खुंटाजवळ नुसती धूळ, अजून वळणारी,
आणि चिलवेरींची धाकटी
खो मिळायच्या आधीच अर्धी उठलेली.
फाउल.
मैदानावर शिट्टी तोंडात असताना
मला तो दिसलाच नव्हता.

घरी अम्मा ट्यूबखाली, मांडीवर सूप.
"काय बघलालीस गं त्यात?"
मी तिलाच काढलं.
पान, तंबाखू, वळ, दोरा,
फोटोत दोरा ताठ, पान स्पष्ट,
बोटांच्या जागी दुधाची साय हललेली.
"माझी बोटं कुठंयत?"
पळाली, म्हटलं. धरायची तर आकडा हजारावर न्यावा लागतो,
एका सेकंदाचे हजार तुकडे.
"हजार?"
कात्री थांबली.
"मला हजाराला दिवस जातो.
हे यंत्र मजुरी काय घेतं?"
आणि पुन्हा पान भिजलंय का बघायला लागली.

मी हजारावर काढला नाही.
रात्री नाही, आणि सकाळी ती उठून
सुपासमोर बसली, खिडकीतनं चांगला उजेड होता,
तेव्हाही नाही.

"ठरलं? खेळ का आर्ट?"
"जुना द्या. तीस."
"चौतीस."
रबर सुटलंय, हे मी त्यांना नखानं उचकटून दाखवलं.
एकतीसवर त्यांनी पट्टा फुकट दिला, लग्नवाल्याचाच,
त्याला हळदीचा एक डाग आहे, जात नाही.

पावती घडी करून ठेवली,
आणि निघताना विचारलं,
गुडघ्याला घालायची पट्टी
या पेठेत कुठं चांगली मिळते.