माया

टेपचा पहिला इंच झिजून गेलाय.
मी एकवर धरते, येईल त्यातून एक वजा करते.
बावीस वर्षांत ही वजाबाकी बोटांत बसली.

गावातल्या बायांची अंगं माझ्या वहीत आहेत,
खडूच्या आणि मशीनच्या तेलाच्या वासात.
कुंदा लोणारे, पोराच्या बारशाचं ब्लाउज-परकर:
छाती चौतीस, कंबर अठ्ठावीस.
पुढं सोळा पानांनी: छत्तीस, तेहतीस.
मग एका पानावर छाती तीच, दंड तेच,
कंबर एकदम अडतीस.
कोपऱ्यात माझ्याच अक्षरात:
माया जास्त ठेवणे.

शिवणीच्या आत जे कापड राखून ठेवतो
त्याला आम्ही माया म्हणतो.
बाई भरली की उसवायचं, माया सोडायची,
जुन्या शिवणीची भोकं दिसतात थोडे दिवस,
मग धुण्यात बुजतात.

"दोन बोटं सोडजो वो," कुंदा म्हणाली,
"पायी गेली तेव्हापासून पोटच फुगून राह्यलं.
जेवत तर एकच भाकर."
मी हसले. मीही तेच म्हणत होते सगळ्यांना:
सुटलो बाई, दर महिन्याच्या कटकटीतून सुटलो.

तुरीच्या सवंगणीत तिची पाठ दुखली.
जबडा दुखला. जिना चढल्यासारखा दम लागला
सपाट धुऱ्यावर.
ग्यास हाय म्हणाली. ओवा खाल्ला, कोमट पाणी प्याली,
पेंढ्या बांधत राहिली.
आर्वीला नेईपर्यंत
गाडीतल्या बायांना वाटत होतं, झोपली.

"छातीत तर दुखलंच नाही तिच्या,"
तिचा नवरा अजून म्हणतो,
जसं काही कुंदानं नियम मोडला.

उपकेंद्रातल्या नव्या सिस्टरकडं
सेंटिमीटरचा टेप आहे, कोरा, पहिल्या आकड्यासकट.
ती म्हणाली, पाळी असते तोवर
चरबी मांडीत, कुल्ह्यात बसते, मुकाट.
पाळी गेली की पोटात शिरते,
काळजाभोवती, यकृताभोवती,
आणि रक्ताच्या वाटेत हळूहळू साका धरतो.
वजनकाट्याला ते सगळं कळत नाही.
ऐंशीच्या वर गेलात की माझ्याकडं या.

मी घरी येऊन वही काढली.
इंचाचे सेंटिमीटर केले, पाटीवर, पोरासारखे.
वच्छला ढोक. पुष्पकला सहारे. मंगरुळकरांची मोठी सून.
किती जणींचं माप मी घेतलं,
पानावर आकडा लिहिला, कापड कापलं,
आणि आकडा नुसता कापडाचा समजले.

आता माझी एक अट आहे.
सैल करून देते, पैसे घेत नाही,
पण आधी बीपी-साखरेची चिठ्ठी आणायची.
वच्छला भडकली: "टेलर हायस का डॉक्टर?"
आठ दिवस बोलली नाही.
मग चिठ्ठी आणली, टेबलावर आपटली.
एकशे साठ होतं वरचं.
गोळी सुरू आहे. ब्लाउज घेऊन गेली,
शिव्या देत.

रात्री मशीनवर बसले की
मानेपासून वाफ उठते, पोलकं भिजतं,
दार उघडते तर बाहेर पौषाची थंडी,
मोहाच्या झाडाखाली कुत्री वेटोळं करून.
शिवणारीचं माप कोणी घेत नाही.
परवा दार लावून मीच टेप गुंडाळला स्वतःला,
बेंबीवरून, श्वास सोडून,
पोट आत न ओढता. हे शेवटचं जास्त अवघड गेलं.
एकवर धरला.
एक वजा करायला
तेवढा वेळ हात थांबला.

कुंदाचं ब्लाउज खुंटीवर आहे अजून.
जांभळं, काठाला बारीक जर.
दोन बोटं सोडली होती मी, सांगितल्यासारखी.
आत आणखी दोन बोटं माया आहे,
ती तशीच, न उसवलेली.
सिस्टरला विचारायचंय,
उद्या दुकान उशिरा उघडेन.