स्लाइड क्रमांक एकोणीस

पहाटे साडेपाचला तांबोळींचा फोन:
"मॅडम, गणेशखिंडीत तारेला वाघूळ चिकटलंय.
लाइन बंद केलीय. अंग अजून गरम आहे."

घाई करायलाच हवी होती.
मेल्यावर आतडं कुणासाठी थांबत नाही,
तासाभरात स्वतःलाच पचवायला घेतं.
फॉर्मॅलिनची बरणी दोन पायांत धरून
मी बोपोडीहून स्कूटर काढली.
सिग्नल अजून पिवळीच उघडझाप करत होते.

पंख पसरले तर निम्म्या ओढणीएवढे.
दातांत उंबराचा चोथा.
चेहरा कुत्र्याच्या पिलाचा,
जेवता जेवता कुणी हाक मारावी तसा.
मी वन खात्याचा फॉर्म भरत होते,
तेवढ्यात तांबोळींनी रबरी मोजा काढला
आणि त्याच्या कपाळावर एक बोट ठेवलं.
फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नव्हता.

मग मेण. मग पातं. चार मायक्रॉन.
"कापताना श्वास धरायचा," केंजळे म्हणतात,
"नाहीतर आतडं उडून जातं."
कोमट पाण्यावर कापांची फीत
दुधावरच्या सायीसारखी सुरकुतली, मग सपाट झाली.
चांदीचं द्रावण. साठ अंशांवर अंधार.

आणि भिंगाखाली, फिक्या पिवळ्या गर्दीत,
त्या.
शंभरांत एखादी.
सुरईसारखी पेशी, मान पोकळीकडे, बूड रक्ताकडे.
मानेनं चव घेते,
बुडानं बोलते.
बोलणं म्हणजे काळपट दाणे, दुसरं काही नाही.
रक्तात सोडले की निरोप निघतो:
साखर आली. रस सोडा. पुढे ढकला.
पुरे.

वाघळाला सगळ्याचीच घाई.
इथे खाल्लेलं उंबर
अर्ध्या तासात औंधात कुणाच्या तरी गच्चीवर
बी होऊन पडतं,
आणि सकाळी त्या बाई झाडू घेऊन वाघळांना शिव्या देतात.
एवढ्याशा वाटेवर, एवढ्या पळापळीत
पुरे कोण म्हणतं, कधी म्हणतं,
एवढाच माझ्या प्रबंधाचा प्रश्न.
चार वर्षं झाली.
आई विचारते, संपत आलं का?
मी म्हणते, मोजतेय.

जठराच्या टोकाशी दाट.
पुढे विरळ.
शेवटाकडे पुन्हा चार-दोन, उशिरा आलेल्या पाहुण्यांसारख्या.

तीन महिन्यांनी डिपार्टमेंटची वीज गेली
आणि शिडी घेऊन तांबोळीच आले.
मी चहा पुढे केला.
"रोजा आहे," म्हणत त्यांनी कप केंजळेंकडे सरकवला.
"काय निघालं हो त्याच्या पोटात?"

मी सांगितलं. सुरई, मान, बूड, दाणे.
पक्कड हातात धरून ते ऐकत राहिले.
"म्हणजे तुम्हाला भूक दिसते?"
"भूक नाही. भूक भागल्याचं सांगणारी."
ते हसले.
"माझ्या सगळ्या सुरया दुपारी तीनपर्यंत कोकलतात बघा.
मग गप्प बसतात. ऐकणारं कुणी नाही
हे त्यांनाही कळत असेल."
हे मला कुठल्याच पुस्तकात मिळालं नव्हतं.

शिडीच्या दुसऱ्या पायरीवर ते थांबले.
"पण त्याचं पोट भरलं होतं ना?"

एकोणीस नंबरच्या स्लाइडवर एक पेशी आहे.
दाणे बुडाशी गोळा झालेले,
रक्तवाहिनीच्या भिंतीला टेकलेले,
उंबऱ्यात चपला घालून उभे.
तिथंच त्यांना चांदीनं धरलं.
शेजारची रिकामी आहे,
तिचं सांगून झालेलं.

"भरत आलं होतं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि फ्यूज दाबला.
भिंगाचा दिवा लागला,
पंखा खोकत खोकत फिरू लागला.
केंजळेंनी दोन्ही कप विसळले.
मी कुठवर आले होते ते विसरले,
म्हणून डावीकडच्या वरच्या कोपऱ्यापासून
पुन्हा एक.