रात्रपाळी, कुडचडे उपकेंद्र

मे. साडेदहाला सुई चढू लागते,
म्हणजे गावात खिडक्या लागल्या, एसी सुरू झाले.
कोण झोपायला गेलं, मला इथून कळतं.

वारा पडला की दोन मेगावॅट.
हवा दमट असली
की वर अर्धा,
तो निव्वळ घामाचा.

तीनला फिडर तापतो माणसासारखा.
मी टेबलफॅन पॅनेलकडे वळवतो
आणि बनियन काढतो.

डिसेंबरात मात्र चार रात्री
सांग्याच्या डोंगरावरून गारवा उतरतो,
वेळीपमामा वाकळ पांघरून रजिस्टरात लिहितो:
‘भार कमी. कारण थंडी.’
खाली सही.

आत्ता सुलक्षाचा फोन:
पोर घामोळ्यांनी रडतंय,
आपण कधी घ्यायचा?

सुई थरथरते.
आमची उघडी खिडकी
या आकड्यात कुठेच नाही.