डेंगळे

मार्केटला नेलेल्या ट्रॅक्टरात एखादा डेंगळा निघाला
की व्यापारी तो दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवतो.
मध्ये दांडा, पोकळ, लाकडासारखा.
क्विंटलमागे भाव खाली.
आणि चांदवडच्या डोंगराखालच्या आमच्या या दीड एकरात
डेंगळ्याशिवाय दुसरं काही नकोच आहे.

कांदा तोच. चाळीतून निवडलेला,
वरचा तिसरा हिस्सा चिरून आत पाहिलेला:
एक डोळा असेल तर ठेवायचा, दोन असतील तर कालवणात.
उरलेला बुडखा नोव्हेंबरात सरीवर लावला.
चिरलेला कांदा रुजतो म्हणून सांगितलं
तर पंचवटीतली माझी जाऊ हसायलाच लागली.

कांदा म्हणजे पुढे ढकललेलं फूल.
पापुद्र्यावर पापुद्रा घालून
झाडानं स्वतःसाठी बांधलेली शिदोरी,
जी बहुतेक वेळा वाटेतच
आपण खातो, भाकरीबरोबर, बुक्कीनं फोडून.

थंडीच्या रात्री मात्र तो मोजतो.
यंदा निफाडकडे दवाचा बर्फ झाला,
द्राक्षवाले शेकोट्या पेटवून
बागेत जागत बसले, घड उकलतील म्हणून,
आणि त्याच रात्री आमच्या कांद्यानं
मातीखाली ठरवलं असणार,
आता.

फेब्रुवारीत गोंडे.
एकेका गोंड्यात चारशे फुलं, कुणालाच घाई नाही.
शर्वरीच्या विज्ञानाच्या पुस्तकात चित्र जास्वंदीचं आहे,
म्हणून तिला बांधावर बसवून हे दाखवलं:
आधी परागकोश फुटतात, तीन, मग आणखी तीन,
बोटाला लागेल न लागेल अशी पिवळी पूड.
कुक्षी तेव्हा आखूड, जणू घरात नाहीच.
पूड उडून गेली की मग ती उंच होते,
ओलसर टोक घेऊन उभी राहते.
आपल्याच फुलाचं आपल्याला नको.
आमच्या सोयरिकीत एवढी सावधगिरी नाही,
आमच्याकडे मामाची मुलगी चालते.
त्याच गोंड्यातलं शेजारचं फूल मात्र कांद्यालाही चालून जातं.
नियम आहे, पळवाट आहे.

इस्माईलभाईच्या पेट्या आल्या होत्या, बारा.
शेजारच्या सुदामला मी सांगून आले होते,
तुझ्या पांढऱ्या कांद्याला डेंगळे आले तर खुडून टाक बाबा,
माशीला सातबारा वाचता येत नाही.
त्यानं खुडले. त्याची चूक नाही.
पलीकडच्या डाळिंबावर कुणीतरी मंगळवारी फवारा मारला.
बुधवारी पेट्यांच्या दारात माश्यांचा थर.
इस्माईलभाईनं ओंजळ भरून दाखवली,
बोलला काहीच नाही,
उरलेल्या घरी परतायची वाट बघत बसला
आणि अंधार पडल्यावर पेट्या टेम्पोत घातल्या.

मग आम्ही सहाजणी.
दव वाळलं की, साडेनवाला,
हातात जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा,
या गोंड्यावरून त्या गोंड्यावर,
बाळाच्या टाळूवरून फिरवावा तसा.
जोर लावला तर देठ मोडतो.
ओला हात चालत नाही, घामेजलेला तर नाहीच.
सुरगाण्याची यशोदा गावित सगळ्यांत पुढे,
तिची ओळ संपली तरी माझी अर्ध्यात.
‘माशीला मध मिळतो,’ ती म्हणाली, ‘आपल्याला तीनशे.’
अकराला ऊन चढलं, हातांना कांद्याचा नव्हे,
कसला तरी गोडसर वास,
जो मला आजवर माहीत नव्हता.
तीन आठवडे असे.

एप्रिलअखेर गोंडे खुडले, ताडपत्रीवर वाळवले.
बोंड फोडून पाहिलं: सहा बियांची जागा,
आत दोन काळ्या, तिकोनी, चार रिकामी टरफलं.
दुसरं: तीन. तिसरं: एक.
यशोदा शेजारी बसून फोडत होती, मोजत नव्हती.
उळं निघेल. निम्मं निघेल.

सहाच्या सहा भरलेली बोंडं
सापडली एकाच गोंड्यात, खालच्या बांधाला,
बाभळीच्या फांद्यांआड,
जिथे काट्यांमुळे
आमच्यातली एकही गेली नव्हती.