पिळायचं नाही

पमाताई बावीस वर्षांनी आली, एकटी,
ऐन मे महिन्यात, जेव्हा दांडिया बाजारातली कुत्री
उभ्या रिक्षांच्या पोटाखाली झोपतात.
तिसऱ्या दिवशी दुपारी म्हणाली, आज चहा मी करते.

मी दूध काढलं. तिने ते परत आत ठेवलं.
आलं किसायला घेतलं. तेही नको.
नुसतं पाणी, म्हणाली, आणि खमणाचा सोडा आहे का,
चिमटीभर?
चहात सोडा!
शेजारच्या हंसाबेननी खिडकीच्या जाळीतून ऐकलं
आणि त्यांचं लाटणं थांबलं.

जॉर्जियात पिशव्यांचा चहा मिळतो. इथे आमची भुकटी,
मांडवीतल्या दुकानातली, सुटी, काळी, कडक.
तिने ती मलमलीच्या फडक्यात बांधली
आई चक्का बांधायची तशी, तीच गाठ,
आणि उकळून उतरवलेल्या पाण्यात सोडली.
घड्याळ बघ, दहा मिनिटं.

दहा मिनिटं म्हणजे बराच वेळ असतो
दोन बहिणींना एका ओट्यापाशी.
मी विचारलंच, जयवंतराव का नाही आले?
तिने पोटली वर उचलली, निथळू दिली.
मी सवयीने चमच्याने दाबायला गेले
तर माझं मनगट धरलं:
पिळायचं नाही. पिळलं की कडू उतरतं.

मग साखर. दोन वाट्या.
अगं, मधुमेह आहे आपल्या घरात,
भिंतीवरच्या फोटोंतले निम्मे त्यानेच गेलेत.
ती ढवळत राहिली. गरम आहे तोवरच विरघळते,
गार झाल्यावर कितीही घाल, तळाशी बसून राहते.
हे लोरेटाने शिकवलेलं.
मोटेलच्या खोल्या दोघी मिळून आवरायच्या,
रोज अठरा पलंग, छत्तीस उशा.
पहिल्याच आठवड्यात ताई चादरींच्या कपाटात शिरून रडत होती
तेव्हा लोरेटाने काचेची बरणी पुढे केली,
काही न विचारता.
मला वाटलं दारू आहे, ताई म्हणाली, तरी प्यायले.
आणि हसली, आल्यापासून पहिल्यांदा.

आमच्याकडे काचेचं एवढं मोठं काही नव्हतं,
म्हणून लोणच्याची रिकामी बरणी. तीनदा धुतली
तरी मेथीचा वास राहिलाच थोडा.
फ्रीजमध्ये जागा केली, कैऱ्या बाहेर, पन्ह्याचा गर बाहेर,
आणि बरोबर तीन वाजता लाइट गेली.

मी स्कूटी काढली. खंडेराव मार्केटच्या मागे
गोळेवाल्याकडून बर्फाची लादी घेतली,
गोणपाटात गुंडाळून पायांशी ठेवली,
कीर्तिस्तंभापासून घरापर्यंत
डांबरावर एक ओली रेघ, मागच्या मागे वाळणारी.
भुसा धुतला. बत्त्याने फोडली.

स्टीलचे पेले बाहेरून घामेजले.
लिंबाची फोड. पहिला घोट
इतका गोड की दात शहारले,
चहा मागून आला, उशिरा, तुरट,
आणि अगदी शेवटी मेथी.
हंसाबेन म्हणाल्या, आ तो शरबत छे,
आणि दुसरा पेला मागितला.

संध्याकाळी लाइट आली तरी आम्ही दिवा लावला नाही.
गच्चीच्या पायरीवर ताईने पोटलीची गाठ सोडली,
चोथा कढीपत्त्याच्या कुंडीत झटकला,
फडकं नळाखाली धरून पिळलं
(आता हरकत नसावी बहुतेक)
आणि दोरीवर वाळत घालता घालता,
माझ्याकडे पाठ करून,
जयवंतरावांचं सांगितलं. तीन वाक्यांत.

ती इथे लिहीत नाही.

बरणीत चार बोटं चहा उरला होता,
बर्फाच्या पाण्याने फिकट झालेला.
घेतेस?
अर्धा, म्हणाली.
मी भरून दिला.