घर्षण नगण्य आहे असे माना

पहिल्या दिवशी कोणीतरी विचारतंच,
मिस, आपण काही उडवणार का?
नाही.
पहिला आठवडा आपण बाक मोजणार आहोत.

हो, हाच. खालून च्युइंगगम चिकटलेला,
वर कुणा आर. के.नं कर्कटकानं बदाम कोरलेला.
अठ्ठावीस जण मोजाल, अठ्ठावीस लांब्या येतील,
मग माझ्याकडे बघाल, यातली खरी कुठली म्हणून.
मलाही माहीत नाही.
इथून सुरुवात आहे.

मी मिसेस टिळेकर. डुलूथमधलं हे अकरावं वर्ष.
माझ्या नावातल्या ळ च्या वाटेला जाऊ नका,
मिस टी म्हटलंत तरी चालेल.

एकक लिहायला विसरलात तर अर्धा गुण जाईल.
पाच काय? पाच मीटर, पाच सेकंद, पाच गायी?
(हे वाक्य आमच्या सातवीच्या मास्तरांचं.
ते म्हशी म्हणायचे.
मिनेसोटासाठी मी एवढाच बदल केलाय.)

ऑक्टोबरात कळेल की वेग वेगळा, चाल वेगळी,
आणि दुकानातला काटा दाखवतो ते वजन
आपलं वजन नव्हे.
हे घरी जेवताना सांगू नका.
मी सांगून पाहिलंय.

ब्रिटा, तुला आजवर एकदाही बी मिळालेला नाही.
इथे मिळेल.
तू बाथरूममध्ये जाशील, तोंड धुऊन येशील,
तेच गणित पुन्हा घेशील.
चित्र काढ. बाण काढ.
कोण कोणाला ढकलतंय ते आधी बघ,
सूत्राची घाई नको.

गेल्या वर्षी होडननं विचारलं,
मी भिंतीला ढकललं की भिंत मला ढकलते,
पण तितकंच ढकलायचं
हे भिंतीला कसं कळतं?
मी म्हटलं, उद्या सांगते.
रात्री भांडी झाल्यावर ओट्याला तळवा लावून
बराच वेळ उभी राहिले.
दुसऱ्या दिवशी जे सांगितलं ते बरोबर होतं.
पुरेसं नव्हतं.

आणि बहुतेक गणितांच्या तळाशी एक ओळ असेल:
घर्षण नगण्य आहे असे माना.
माना.
या गावात, जिथे रस्ते टेकडीवरून थेट सरोवरात उतरतात,
नोव्हेंबर ते एप्रिल
ते मानावं लागत नाही.

जानेवारीत शाळेमागच्या चढावर माझी गाडी अडकली.
चाकं फिरत होती, गाडी जागची हलत नव्हती.
कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन. विस्थापन शून्य.
इंजिन बोंबलत होतं, मी घामाघूम,
आणि शास्त्राच्या दृष्टीनं
माझ्या हातून काडीचंही कार्य होत नव्हतं.

मागून वेस्ली हाक्काला आला.
घर्षणाच्या चाचणीत शंभरात एकेचाळीस.
वडील लोहखनिजाच्या गोदीवर.
त्यानं पिकअपमधून मांजराच्या पेटीतली वाळू काढली,
पुढच्या दोन्ही चाकांखाली ओंजळओंजळ टाकली.
म्हणाला, मिस टी, गॅस कमी. अजून कमी.
तुम्ही नेहमी जास्त देता.

गाडी हलली.
काच खाली करून मी विचारलं,
आता गुणांक वाढला की कमी झाला?
वाढला.
एकक?
बराच वेळ गेला. त्याच्या भुवयांवर हिम साचलं होतं,
मागे बर्फ उपसणारा ट्रक हॉर्न वाजवत होता.
मग म्हणाला,
त्याला एककच नसतं.

एकेचाळीसचे मी बेचाळीस केले नाहीत.
वाळू मात्र आता माझ्याही डिकीत असते.

असो.
वह्या काढा. पट्टी घ्या.
बदामापासून नको रे,
कडेपासून मोज.